तळघरातली ब्रिगेड

आमचं घर जर्मनीतल्या वाल्डॉर्फहून बसने बारा मिनिटांवर आहे. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो, खाली घरमालक राहतो आणि त्याच्याही खाली, तळघरात, ग्रीक सैन्याची एक अख्खी यांत्रिक पायदळ ब्रिगेड राहते. घर बघायला आलो तेव्हा घरमालकाने आम्हाला आधी केलरमध्ये, म्हणजे तळघरात नेलं. मला वाटलं, वॉशिंग मशीनची जागा दाखवतोय. पाऊण तासाने वर आले तेव्हा त्या ब्रिगेडचा स्थापनेपासूनचा इतिहास मला तोंडपाठ झाला होता, पण बेडरूम किती आहेत ते बघायचं राहून गेलं होतं. नवरा म्हणाला, घर छान आहे. मी विचारलं, कुठलं?

घरमालक ग्रीक, सत्तरी पार केलेला, मिशा पांढऱ्या आणि पाठ सरळ. त्यांच्या देशात प्रत्येक मुलाला काही काळ सैन्यात काढावाच लागतो, तसा यानेही काढला. दोन वर्षं, याच ब्रिगेडमध्ये, चिलखती गाडीचा ड्रायव्हर म्हणून. मग तो जर्मनीत आला आणि पुढची चाळीस वर्षं एका कारखान्यात पंपांचे भाग जोडत बसला. त्या चाळीस वर्षांचा तळघरात एक स्क्रूसुद्धा नव्हता. त्या दोन वर्षांना मात्र चारही भिंती दिल्या होत्या. कंपनीचा फोटो, टोपी, पट्ट्याचं बक्कल, आपल्या गाडीचं स्वतः कोरलेलं लाकडी मॉडेल, आणि एक मोठा नकाशा, ज्यावर लाल दोरा ताणून कोण कुठून कुठे गेलं ते दाखवलं होतं.

इतिहास मी थोडक्यात सांगते, कारण तो कधीच थोडक्यात सांगायचा नाही आणि कुणीतरी हे काम करायला हवं. ब्रिगेड आधी साधी पायदळ रेजिमेंट होती. म्हणजे चालायची. बाल्कनमधल्या लढाया तिने चालत केल्या, मग समुद्रापलीकडे आशिया मायनरमध्ये गेली आणि तिथून मार खाऊन परत आली. हा भाग घरमालक भराभर उरकायचा. मग दुसऱ्या महायुद्धात, ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, इटलीवाले अल्बानियाकडून डोंगर चढून आले आणि ग्रीकांनी त्यांना तसंच उलट ढकलत नेलं. हा भाग तो इतका सावकाश सांगायचा की खरा हिवाळासुद्धा एवढा लांबला नसेल. बर्फाने लोकांची बोटं गेली, तोफा डोंगरवाटांवर अडकल्या, दाणागोटा आणि दारूगोळा सगळा खेचरांच्या पाठीवर. त्यानंतर जर्मन आले आणि रेजिमेंट मोडली. इथे त्याचा आवाज एकदम खाली यायचा, कारण शेजारी जर्मन आणि तळघराची खिडकी उघडी. युद्धानंतर रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, पुढे तिला रणगाड्यासारख्या ट्रॅकवाल्या गाड्या मिळाल्या, ती यांत्रिक ब्रिगेड झाली, आणि या सगळ्या इतिहासाचा कळस म्हणजे आमचा घरमालक तिच्यात ड्रायव्हर म्हणून भरती झाला.

हे सगळं मी हसण्यावारी नेत असे. एक गोष्ट सोडून. खोलीच्या मधोमध काचेची एक छोटी पेटी होती आणि तिच्यात खेचराच्या गळपट्ट्याची पितळी चकती होती. तळहाताएवढी, काळी पडलेली, वर पांढरट रंगात रेजिमेंटचा नंबर. ती त्याच्या वडिलांची. ते त्या डोंगरांमध्ये खेचरं हाकत होते. पुढे ते जर्मनीत मजुरीला आले, पोराला आत्याकडे ठेवून. पोरगा सैन्यातून सुटून इथे आला तेव्हा बाप त्याला जवळजवळ अनोळखीच होता. दोघं कारखान्याच्या वसतिगृहात एका खोलीत सहा वर्षं राहिले आणि मग बाप गेला. त्या सहा वर्षांत युद्धाबद्दल तो एकच वाक्य बोलला होता, 'मी खेचरं हाकली.' घरमालक हे सांगताना नकाशाकडे बघायचा नाही, पेटीकडेही नाही. स्वतःच्या चपलांकडे बघायचा. अशा वेळी मीसुद्धा गप्प बसायचे, आणि मी गप्प बसणं ही काय गोष्ट आहे ते माझ्या नवऱ्याला विचारा.

तर झालं असं होतं की तिकडे ग्रीसमध्ये, ब्रिगेडच्या छावणीत, वारशाची एक खोली, म्हणजे छोटं संग्रहालयच, तयार होत होती. त्या हिवाळ्यात जे होते त्यांची नावं भिंतीवर लागणार होती. अधिकारी होते, सैनिक होते. खेचरवाले नव्हते. घरमालक तीन वर्षं पत्रं लिहीत होता की माझ्या बापाचं नाव लावा. तिकडून सभ्य उत्तर यायचं, नोंद सापडत नाही, पुरावा असल्यास कळवावे. शेवटी त्याने चकतीबद्दल लिहिलं. मग त्या खोलीचं काम बघणाऱ्या मेजरबाईंचं पत्र आलं, नोव्हेंबरमध्ये चकती घेऊन या, बघू. ते पत्र त्याने मला जिन्यात अडवून वाचून दाखवलं, मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उभी असताना. म्हणाला, "बापाचं नाव एकदा त्या खोलीत लागलं की मी मरायला मोकळा." मी म्हटलं, त्याआधी आमचं हीटिंग तेवढं दुरुस्त करा.

ऑगस्टमध्ये आमचे सासरे आले. साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार. लग्नाआधी नवऱ्याने मला फक्त 'बाबा सरकारी नोकरीत होते' एवढंच सांगितलं होतं, आणि मी पुण्याची असल्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर जलसंपदा खात्यातला क्लार्क आला. प्रत्यक्षात बाबांनी सगळी हयात यांत्रिक पायदळात काढलेली, अशाच ट्रॅकवाल्या गाड्यांवर. पहाटे पाचला उठतात, अंथरुणाची घडी अशी घालतात की कोपऱ्याने माणूस कापेल. बुटांना पॉलिश करून झालं की चपलांना करतात. इमारतीला एक यांत्रिक पायदळ पुष्कळ होतं. आता दोन झाली.

पहिल्या भेटीत मी दुभाषी होते. घरमालक जर्मन बोलायचा, बाबा मराठी आणि अधूनमधून लष्करी इंग्रजी. "त्याला विचार, ड्रायव्हर डावीकडं बसायचा का?" हे मी जर्मनमध्ये विचारलं. "त्यांना विचार, ट्रॅक निसटला तर किती वेळात चढवायचे?" हे मराठीत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ऑफिसात दिवसभर लोकांचं म्हणणं एकमेकांना समजावून सांगते, घरी येऊन पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी संप पुकारला आणि लक्षात आलं की त्यांना माझी गरजच नव्हती. दोघं खुर्च्या समोरासमोर मांडून बसलेले. याच्या गाडीला दोन दांडे होते, तो हवेत दांडे ओढतोय. बाबांच्या गाडीला स्कूटरसारखं हँडल होतं, ते हवेत हँडल वळवतायत. दोघंही तोंडाने इंजिनाचा आवाज काढतायत. दांडे बरे की हँडल बरं या मुद्द्यावर आठवडा गेला. निकाल काही लागला नाही, पण घरमालकाने बाबांना तळघराची एक किल्ली देऊन टाकली. आम्हाला चार वर्षांत सायकल ठेवायला परवानगी मिळाली नव्हती.

मग खंडेनवमी आली. बाबा म्हणाले, हत्यारांची पूजा करायची. मी म्हटलं, घरात हत्यारं म्हणाल तर विळी आहे, ड्रिल मशीन आहे आणि माझा लॅपटॉप आहे. ते म्हणाले, खाली आहेत की. पलटणीत दसऱ्याला आम्ही गाड्या धुवायचो, हार घालायचो, ट्रॅकखाली लिंबू ठेवायचो. त्याच्या पलटणीची पूजा आपण नाही करायची तर कोण करणार इथं? मला हे पटलं, ही माझी चूक. मी खाली जाऊन घरमालकाला सांगितलं की आमचे लोक आज सैन्याच्या वस्तूंना मान देतात, फुलं वाहतात, बाबांची इच्छा आहे. त्याचे डोळे भरून आले. भारतीय सैन्य आपल्या ब्रिगेडला मानवंदना देणार म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालायला गेला. जाताना काचेच्या पेटीची किल्लीही बाबांच्या हातात ठेवली.

मी वर माझ्या मीटिंगला बसले. दीड तासाने खाली गेले तर तळघर अगदी आमच्या देवघरासारखं झालेलं. लाकडी गाडीला झेंडूचा हार, झेंडू कुठून आणले देव जाणे. टोपीवर अक्षता. बक्कल लखलखतंय. आणि मधोमध, केळीच्या पानाऐवजी बेकिंग पेपरवर, ती चकती. सोन्यासारखी पिवळी, झगझगीत, वर हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा. बाजूला माझी चिंचेची वाटी, मीठ आणि भांड्यांचा काथ्या. नंबर नव्हता. नंबर कुठेच नव्हता. मी चकती उलटी करून बघितली, जणू तो मागे सरकला असेल.

"बाबा, हे काय केलंत?" मी विचारलं.

"घासली," बाबा म्हणाले. "पूजेला काळी कशी ठेवायची?"

तेवढ्यात घरमालक आला, इस्त्रीच्या शर्टात, हातात ग्रीक कॉफीचे तीन छोटे कप. त्याने कप खाली ठेवले. चकती उचलली, अंगठ्याने कुंकू पुसलं, खिडकीच्या उजेडात धरली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चकती खिशात घातली आणि जिना चढून गेला. कॉफी तशीच राहिली. बाबांनी त्यातला एक कप उचलून शांतपणे प्यायला, आणि तेव्हा मला त्यांचा जो संताप आला, तसा माहेरच्या माणसांचासुद्धा कधी आला नव्हता.

सासऱ्यांना उलटून बोलायचं नाही असं वळण आहे आमच्याकडे. ते वळण मी त्या दिवशी सोडलं. म्हटलं, बाबा, तो नंबर हाच त्याचा पुरावा होता. तीन वर्षं तो माणूस पत्रं लिहितोय. सहा आठवड्यांवर त्याचं जाणं आलं आणि तुम्ही त्याच्या बापाला चिंचेने घासून टाकलंत. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? बाबांनी हार उतरवला, अक्षता वेचल्या, बेकिंग पेपरची घडी केली, तीही कोपऱ्याने कापेल अशी. नवरा ऑफिसातून आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, जाऊ दे. संबंध प्रकरणात त्याचं योगदान एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून दाराखालून चिठ्ठ्या यायला लागल्या. चार वर्षं मला 'तू' म्हणणारा माणूस आता 'आदरणीय बाईसाहेब' म्हणून सुरुवात करायचा. जिन्यात बूट ठेवू नयेत. दुपारी एक ते तीन रूहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ असते, मिक्सर लावू नये. प्लास्टिकच्या डब्यात झेंडूची फुलं आढळली, ती बायोच्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावीत. मी एकदा दार वाजवून माफी मागायला गेले. त्याने ऐकून घेतलं, "आल्झो," म्हणजे 'बरं तर', एवढंच म्हणाला आणि दार लावलं. आतल्या टेबलावर ती चकती दिसली मला, एका पांढऱ्या रुमालावर. घर सोडावं लागेल की काय, असंही मनात येऊन गेलं, पण खरी भीती ती नव्हती. तो माणूस एवढासा झाला होता. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेताना पाठीत वाकायला लागला होता. ते बघवत नव्हतं.

बाबा तळघराची किल्ली त्याच्या पत्रपेटीत टाकून आले. जायच्या दिवशी त्यांनी त्याच्या बंद दारासमोर उभं राहून सॅल्यूट ठोकला. पायात स्पोर्ट्स शूज असल्यामुळे टाचही वाजली नाही. मी बॅग घेऊन पुढे निघाले, कारण तेव्हाही माझा राग गेला नव्हता.

फ्रँकफर्टच्या गाडीत आम्ही दोघंच होतो. नवऱ्याला काम होतं. खिडकीबाहेर बघता बघता बाबा मध्येच म्हणाले, "तो रंग जुना नव्हता."

मी म्हटलं, कुठला?

"चकतीवरचा. मी उभ्या नोकरीत गाड्यांवर नंबर मारलेत. जुना रंग कडंनं उडतो, मधे तडकतो. हा नखाला चिकटत होता. आणि पितळेवर ओरखडे होते बघ, खेचराच्या साखळीचे. रंग त्या ओरखड्यांच्या आत गेलेला होता. म्हणजे ओरखडे आधीचे, रंग मागाहून मारलेला. पितळ काळं पडल्यावर वरून."

मला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे त्याने स्वतः..."

"दुसरं कोण? त्याला त्याच्या बापाची पलटण ठाऊकच नसंल. बाप बोलायचाच नाही म्हणालीस ना तू? मग यानं आपली पलटण त्याला देऊन टाकली." बाबांनी हात चोळले. त्यांच्या नखांत अजून थोडा पिवळेपणा होता, चिंचेचा की हळदीचा कोण जाणे. "ती मेजरबाई बघणार. तिला पहिल्या नजरेत कळणार. आपल्याच छावणीत, आपल्याच ब्रिगेडीसमोर हा खोटा पडला असता. या वयात."

मी विचारलं, मग त्यांना सांगितलं का नाहीत?

"काय सांगू? माणसाच्या बापाचा विषय तो. त्यापेक्षा एका परदेशी म्हाताऱ्यानं येडेपणा केला, हे बरं. येडेपणाची लाज मला, त्याला नाही."

विमानतळावर मी बाबांच्या पाया पडले. एरवी मी जरा वाकल्यासारखं करून वेळ मारून नेते, त्या दिवशी नीट पडले. आणि त्यांना म्हटलं, चुकले. ते म्हणाले, बोर्डिंग पास कुठं ठेवलास बघ आधी.

नोव्हेंबरमध्ये घरमालक ग्रीसला गेला. जाईल असं मला वाटलं नव्हतं. गाडीत बॅग ठेवताना मी वरून बघितलं. पांढऱ्या रुमालातली पुरचुंडी त्याने पुढच्या सीटवर ठेवली आणि तिच्यावरून सीटबेल्ट लावला. बारा दिवस घर शांत होतं. मिक्सर मी दुपारी दीड वाजताही लावला, पण मजा आली नाही.

परत आल्यावर त्याने चिठ्ठी पाठवली नाही. दार वाजवलं आणि म्हणाला, "खाली ये." पुन्हा 'तू' वर आला होता. तळघरातली काचेची पेटी रिकामी होती. त्याने मला खुर्ची दिली, बाबा बसायचे तीच, आणि सांगायला लागला. या वेळी भराभर नाही आणि सावकाशही नाही.

मेजरबाई त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने चकती हातात घेतली, भिंगाखाली धरली आणि विचारलं, रेजिमेंट कुठली? घरमालक मला म्हणाला, वाटेत अठरा तास मी उत्तर घोकत होतो. नंबर होता पण पुसला गेला, एका भारतीय माणसाने घासला, असं सांगणार होतो. ते खरंही होतं. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. तिला तो म्हणाला, "मला माहीत नाही. बाप मला कधी बोलला नाही. इथे एक नंबर होता, तो मी रंगवला होता. माझा बाप तुमच्या रेजिमेंटमध्ये होता की दुसऱ्याच, मला माहीत नाही. त्याने खेचरं हाकली, एवढंच मला माहीत आहे."

बाई म्हणे उठून एक जाड वही घेऊन आली. खेचरवाल्यांच्या याद्या कुणी ठेवल्याच नव्हत्या, ती म्हणाली, आमच्याही नाही आणि इतरांच्याही नाही. मग तिने त्याला विचारलं, तुम्ही स्वतः कुठल्या कंपनीत होता? ते मात्र त्याला ठाऊक होतं.

त्याने मोबाईल पुढे केला. फोटोत एक स्वच्छ पांढरी भिंत होती, तिच्यावर नावांच्या लांबच लांब रांगा, आणि रांगांपासून जरा दूर, वेगळ्या चौकटीत, आमच्या चिंचेने घासलेली चकती. खाली तीन ओळी. त्याने त्या मला बोट ठेवून वाचून दाखवल्या. खेचराच्या गळपट्ट्याची चकती, डोंगरातल्या हिवाळ्यातली. हाकणाऱ्याची रेजिमेंट ज्ञात नाही. तिसऱ्या ओळीत बापाचं नाव होतं, आणि नावापुढे लिहिलं होतं, 'या ब्रिगेडच्या एका ड्रायव्हरचे वडील.'

ही ओळ वाचताना त्याचं बोट थांबलं. तो रडला. मीही रडले, लपवायचं काय त्यात. नंतर त्याने मिशा पुसल्या, मोबाईल खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या सासऱ्यांना कळलं होतं का?"

माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या घराला माहीत आहे. ओठावर आलं होतं.

"त्यांना?" मी म्हटलं. "त्यांना काय कळतंय. पितळ दिसलं की घासायचं, एवढंच येतं त्यांना. घरी देवसुद्धा सुटत नाहीत त्यांच्या तावडीतून."

तो मिशांत हसला.

"गेनाऊ," तो म्हणाला. "अगदी बरोबर. मलाही तसंच वाटलं होतं."